रही गयो

आमच्या घरी दर रविवारी दुपारी चार वाजता आकाशात लढाई सुरू व्हायची आणि तिचं मराठी करायचं काम माझ्याकडे असायचं. ते काम मला कोणी दिलं नव्हतं. घरात धड इंग्रजी येणारी मी एकटी, म्हणून ते गळ्यात पडलं. नवरा सुभाष रिफायनरीत, त्याच्या पाळ्या चालू, आणि रविवारी घरी असलाच तर आतल्या खोलीत घोरत पडलेला. मी एका गुजराती शाळेत इंग्रजी शिकवते. आठवडाभर पोरांना शिकवून घसा बसवायचा आणि सुट्टीच्या दिवशी तोच घसा अंतराळासाठी वापरायचा, असं शहाण्णव सालचं माझं नशीब होतं.

ही हौस माझ्या सासऱ्यांची. विश्वासराव फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले होते. त्यांचे आजोबा गायकवाडांच्या पलटणीत होते, त्यांची तलवार आमच्याकडे दसऱ्याला अजून पूजेला निघते, आणि सुभाष फौजेत न जाता रिफायनरीत गेला याचं दुःख बाबा दसऱ्याला न चुकता बोलून दाखवतात. केबलवाल्याने नवे चॅनेल जोडून दिले आणि एका रविवारी बाबांना ती परदेशी मालिका सापडली. एक भलंमोठं जहाज, ते पाण्यातून नाही तर ताऱ्यांमधून फिरणारं. त्यावर एक पिकल्या केसांचा कप्तान, जो कधी खुर्चीवर बसत नाही. आणि अंगावर खवले असलेल्या शत्रूंशी चाललेलं न संपणारं युद्ध. बाबांना भाषा कळत नव्हती, पण हुकूम देणारा माणूस कळत होता. "हा खरा फौजी आहे," ते म्हणाले. "बसत नाही बघ."

दुसऱ्या प्रेक्षक म्हणजे इंदिरामावशी. नात्याने त्या आमच्या कोणी नाहीत. त्यांचे यजमान बाळकृष्ण हे बाबांच्या हाताखाली होते आणि बाबांचे जिवलगही. एकाहत्तरच्या लढाईत ते गेले. मावशी तेव्हा कराडहून लग्न होऊन नुकत्याच बडोद्याला आलेल्या आणि पोटुशी. माहेरी परत गेल्या नाहीत. बाबांनी खटपट करून त्यांना मुलींच्या एका वसतिगृहात मेट्रनची नोकरी मिळवून दिली, छाणीला घर बघून दिलं, मुलाची, समरजितची, मुंज केली. माझ्या सासूबाई गेल्यानंतर तर मावशींचा रविवार आमच्याकडेच असायचा. दुपारी शटल रिक्षाने फतेगंजला यायच्या, येताना शेव-उसळ नाहीतर लिलवा कचोरी आणायच्या, आणि दारातूनच ओरडायच्या, "भावजी, केम छो?" बाबा म्हणायचे, "मजामां, वहिनी." आठवड्यातून एकदाच बाबांच्या चेहऱ्यावर असं हसू यायचं, हे मी सून म्हणून लिहिते आहे, म्हणजे खरं समजा.

मावशी त्या मालिकेतल्या माणसांबद्दल शेजारपाजारच्यांबद्दल बोलावं तसं बोलायच्या. जहाजाचा जो इंजिनियर होता त्याला त्या 'आपला मिस्त्री' म्हणायच्या. तो सारखा कुठल्यातरी नळकांड्यात शिरून काहीतरी दुरुस्त करायचा आणि बाहेर आला की त्याचं तोंड काळं झालेलं असायचं. त्याची बायको एका दूरच्या ग्रहावर वाट बघत असायची आणि तो अधूनमधून तिच्याशी पडद्यावर बोलायचा. तेवढ्या वेळात मावशी मला गप्प करायच्या. "हे मला कळतंय. तू बेस ने."

कप्तानाबद्दल मात्र त्यांचं मत चांगलं नव्हतं. कोणीही शूरवीर त्यांना चालत नसे. कोणी छाती पुढे काढून 'मी थांबतो, तुम्ही जा' म्हणालं की मावशी कपाळाला आठ्या घालायच्या. "मोठेपणा मिळतो यांना. मागच्यांचं काय होतं ते विचारायला कोण येतंय?"

मावशींच्या घरी बाळकृष्णांचा फोटो नव्हता, हे त्यांच्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाला खटकायचं. शहीद झालेल्या माणसाचा फोटो भिंतीवर नाही, हार नाही, समरजितलासुद्धा बापाचं तोंड आमच्याकडच्या ग्रुप फोटोत दाखवावं लागलं. लग्न होऊन आले तेव्हा मी सासूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "तिला बघवत नसेल गं." आम्ही सगळे हेच धरून चाललो होतो.

संक्रांत होऊन गेली होती. पतंगांचा मांजा अजून तारांवर, झाडांवर लोंबत होता. त्या रविवारच्या भागात आकाशातला एक दरवाजा होता. म्हणजे एक प्रचंड कडं, ज्यातून जहाजं एका आकाशातून दुसऱ्या आकाशात जातात. खवलेवाल्यांची फौज त्या दरवाजाकडे येत होती. मिस्त्री एक छोटी होडी घेऊन पलीकडे गेला होता, त्यांच्या वाटेत काहीतरी अडथळे पेरायला. अलीकडे जखमींनी भरलेलं दवाखान्याचं जहाज. मिस्त्री परत येईपर्यंत कप्तान थांबणार होता. पण शत्रू आधी आला. मिस्त्रीची होडी दरवाजाच्या तोंडाशी दिसत होती, आणि कप्तान म्हणाला, उडवा. दरवाजा उडाला. मिस्त्री पलीकडे.

मी हे सगळं धापा टाकत मराठीत सांगितलं आणि जाहिराती लागल्या तेव्हा पाणी प्यायले. मावशी पदराने डोळे पुसत होत्या.

"बिचारा," त्या म्हणाल्या. "आपणहून थांबला असता ना, तर मी शिव्या घातल्या असत्या. पण याला यायचं होतं. निघाला होता बिचारा."

बाबा मावशींकडे वळले. ते म्हणाले, "म्हणजे वहिनी, कप्तान खुनी म्हणायचा?"

"तसं कुठं म्हटलं मी? एवढी जखमी माणसं वाचली ना. कप्तान तरी काय करणार होता?" मावशींनी नाक ओढलं. "पण आता जाऊन त्या मिस्त्रीच्या बायकोला सांगेल ना, नीट? खरं काय ते?"

"पुढच्या रविवारी कळेल," मी म्हटलं.

बाबा उठले आणि मागच्या अंगणात निघून गेले. मावशी जाईपर्यंत ते आत आले नाहीत. बोगनवेलीत अडकलेला मांजा सोडवतोय, असं त्यांनी तिथूनच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभाष ड्यूटीवर गेल्यावर मी शाळेच्या घाईत होते, तेव्हा त्यांनी हाक मारली. बोगनवेलीपाशी स्टूल टाकून ते बसले होते आणि मांजाचा गुंता खरोखरच त्यांच्या मांडीवर होता.

"निरू, पुढच्या रविवारी तो कप्तान त्या बाईकडे जाईल."

"जाईल की. मालिका आहे, बाबा."

"तो काय सांगेल ते तू जरा सांभाळून सांग."

मला कळेना. शाळेची वेळ झाली होती आणि मी चिडले. म्हटलं, मी काय त्या कप्तानाची वकील आहे? तो बोलेल ते मी सांगणार. तेव्हा त्यांनी मांजा खाली ठेवला आणि मला ते सगळं सांगितलं. त्या दिवशी मी शाळेत गेलेच नाही.

नदी होती. नाव त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या तुकडीचं कामच पूल बांधायचे आणि वेळ आली की उडवायचे. बाळकृष्ण दोन जवानांना घेऊन पलीकडे रस्त्यात सुरुंग पेरायला गेले होते. ते परत आले की पूल उडवायचा, असं ठरलेलं. पण त्याआधीच रणगाड्यांची घरघर ऐकू आली. अलीकडच्या काठावर तंबूत जखमी होते, त्यांना हलवायला वाहनं नव्हती. दोन जवान धावत अलीकडे पोचले. बाळकृष्ण मागून येत होते, पलीकडच्या टोकाला पुलाच्या तोंडाशी.

"त्याने हात वर केला," बाबा म्हणाले. "थांबा म्हणतोय की उडवा म्हणतोय, कळेना. एवढ्या आवाजात काय ऐकू येणार? मी कळ दाबली."

"मग कोणी विचारलं नाही तुम्हाला?"

"विचारलं ना. शाबासकी दिली."

मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले. बाबांचा मला राग यायला हवा होता, तो आला नाही. त्यांच्या त्या हातांकडे बघून मला फक्त रडू आलं.

"मावशींना काय सांगितलंत?"

"काय सांगितलं ते धड आठवतही नाही. तार आधी गेलेली होती. मी रजेवर आल्यावर भेटायला गेलो. अंगणात उभ्या उभ्या दोन शब्द बोललो असेन. तिनेच विचारलं, राहिले? आपणहून राहिले? मी मान हलवली. पोरगी बावीस वर्षांची, पोटात मूल. म्हटलं, निदान नवरा शूर होता एवढं तरी तिच्याजवळ राहू दे. पोराला बाप म्हणून एक हिरो मिळेल. मग पुढे ते मागे घ्यायचं राहूनच गेलं. पंचवीस वर्षं झाली आता."

"पण काल त्या म्हणाल्या ना, कप्तान तरी काय करणार होता. त्यांना समजेल, बाबा. सांगून टाका."

बाबांनी मांजा परत मांडीवर घेतला. "कप्तानाने तिला अजून खोटं कुठे सांगितलंय, निरू? ती म्हणाली, खरं काय ते सांगेल ना. ऐकलंस ना तू? तिला कळलं तर ती माझ्या दारात परत येणार नाही. आणि माझं आता दुसरं कोण उरलंय?"

समोर मी बसले होते, आत त्यांच्या मुलाच्या चपला होत्या, आणि ते म्हणत होते दुसरं कोण उरलंय. दुसऱ्या एखाद्या दिवशी मी यावरून चांगली भांडले असते. त्या दिवशी मला ते कळलं. आपल्याला तरुण असताना पाहिलेलं असं त्यांना आता एकच माणूस उरलं होतं.

मी हो म्हटलं. सांभाळून सांगेन म्हटलं.

पुढच्या रविवारी मावशी लवकरच आल्या. त्यांनी कचोऱ्या आणल्या होत्या आणि बाबांनी त्या हातात घेऊन तशाच ठेवल्या. चार वाजले. व्हायचं तेच झालं. कप्तान त्या दूरच्या ग्रहावर उतरला आणि मिस्त्रीच्या दारात जाऊन उभा राहिला. टोपी काढून हातात घेतली. ती बाई बाहेर आली, आणि त्याचं तोंड बघूनच तिला कळलं. तो म्हणाला, तुमचा नवरा मागे राहिला, त्याने स्वतः तसं ठरवलं, त्याच्यामुळे आम्ही सगळे वाचलो. इंग्रजीत हे अगदी चार शब्दांचं काम आहे.

"काय म्हणतोय?" मावशींनी विचारलं.

आता 'तो मागे राहिला' म्हणावं तर बाबांसमोर बसून त्यांचंच खोटं मी परत उगाळणार. 'त्याला मागे ठेवलं' म्हणावं तर सगळं उघडंच. दोन्ही शब्द माझ्या जिभेवर आले आणि दोन्ही टोचले. मग मला तिसरा सापडला. आमच्या बडोद्याच्या घराघरांत मराठी बोलता बोलता हा गुजराती शब्द येतो. शाळेत डबा विसरला तर पोरं सांगतात, डबो रही गयो. रिक्षात छत्री विसरली तर छत्री रही गई. कोण विसरलं, कोणी टाकली, याची त्यात विचारपूसच नाही. वस्तू आपली राहून जाते. कोणावर दोष न ठेवणारा, मऊ शब्द. मला वाटलं, वा, निरुपमाबाई, जमलं.

"तो म्हणतोय," मी म्हटलं, "तुमचा नवरा तिकडे रही गयो."

पडद्यावर ती बाई कप्तानाचा हात धरून रडत होती. मग मावशी म्हणाल्या, "परत सांग."

"रही गयो म्हणतोय."

त्यांनी कप खाली ठेवला. बशीवर नीट बसला नाही, चहा सांडला, त्यांनी बघितलं नाही.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही पण हेच म्हणाला होतात."

बाबा खुर्चीत पुढे सरकले.

"अंगणात उभे होतात. टोपी हातात होती. म्हणालात, बाळू रही गयो, वहिनी. मला तेव्हा गुजराती कुठं येत होतं? भाजीवाल्याला बोटं दाखवून भाजी घ्यायचे मी. मला वाटलं, राहिला म्हणताय. थांबला म्हणताय. म्हणून मी विचारलं, आपणहून का? आणि तुम्ही मान हलवलीत." त्यांचा आवाज चढला नव्हता. कुठलातरी हिशोब आठवत बोलावं तशा त्या थांबत थांबत बोलत होत्या. "पंचवीस वर्षं मी हा शब्द रोज बोलतेय. चश्मो रही गयो, किल्ली रही गई. पोरी सुट्टीला घरी जातात, त्यांच्या बादल्या वसतिगृहात रही जातात. आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही."

टीव्हीवर कपडे धुवायच्या साबणाची जाहिरात लागली. मी उठून बंद केला.

"राहिले का ठेवले, भावजी?"

बाबा उभे राहिले. अगदी ताठ, दसऱ्याला तलवारीपुढे उभे राहतात तसे. "ठेवला," ते म्हणाले. "मी ठेवला." आणि त्यांनी सगळं सांगितलं. रणगाडे, तंबू, दोन जवान, वर केलेला हात. मला सांगितलं होतं त्यापेक्षा थोडक्यात, आणि कुठेही स्वतःची बाजू न घेता. मी मधे पडून म्हटलं, मावशी, जखमी होते हो तिकडे, वाहनं नव्हती. मावशींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हात कसा केला होता?"

"वर केला."

"कसा? करून दाखवा."

बाबांनी उजवा हात वर केला. पंजा पुढे, बोटं उघडी. मग पंजा मिटून दोनच बोटं उभी ठेवली. "मग असं. हे दोन कशाचं, ते मला कधी कळलं नाही. दोघं पोचले का म्हणून विचारत असेल. नाहीतर दोन नंबरचा खांब म्हणत असेल. मी खूप डोकं फोडलं त्यावर."

मावशी त्या हाताकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो, आणि तसा चेहरा मला परत बघायचा नाही. आधी तो फुलला. चुकून, आपोआप, ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तसा. आणि मग तो पडला.

"दोन मिनिटं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दोन मिनिटं थांब, आलोच. असं असायचं ते. मांडवीत बाजाराला जायचं असलं की मी चपला घालून दारात उभी, आणि हे आपले आत भांग पाडतायत. मी हाक मारली की आतूनच असा हात करायचे. आधी पंजा, मग दोन बोटं." त्यांनी स्वतःचा हात वर करून तसं केलं. आता खोलीत दोन हात वर होते, बाबांचा आणि त्यांचा. "थांबा म्हणत होते, भावजी. येत होते ते."

बाबांचा हात खाली आला. ते खुर्चीवर बसले, म्हणजे खुर्ची मागे होती म्हणून खुर्चीवर बसले.

मावशी रडायला लागल्या. मोठ्याने, तोंड न झाकता. मी जवळ गेले तर त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि बोलत सुटल्या. "त्यांना यायचं होतं, निरू. आणि मी पंचवीस वर्षं त्यांच्यावर रुसले. मला वाटलं, माणसाला बायको आहे, पोटात पोर आहे, आणि हा उठून म्हणतो मी थांबतो. मोठेपणापुढे आम्ही काहीच नाही? ज्याला घरी यायचं नव्हतं त्याला भिंतीवर कशाला लावू? फोटो ट्रंकेत ठेवला, पालथा. पोरगं विचारायचं, बाबा कसे होते? मी म्हणायचे, जा, भावजींना विचार. त्यांचं नाव नाही घेतलं. श्राद्धाला जेवण केलं, पण डोळ्यांतून टिपूस नाही काढलं. आणि ते तिकडून हात करत होते."

"वहिनी, मी थांबलो असतो तर..."

"माहीत आहे. जखमी होते. तुम्ही बरोबरच केलं असेल. लढाईतलं मला कळत नाही, त्याबद्दल मी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पण मान का हलवलीत?"

"तुम्हाला बरं वाटेल म्हणून."

"मला?" मावशी म्हणाल्या.

मावशींनी पिशवी घेतली, चपला घातल्या. मी रिक्षापर्यंत गेले.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. बाबा चार वाजता टीव्ही लावायचे आणि मी मराठी करायला बसले की म्हणायचे, राहू दे. आवाज बंद करून नुसते बघायचे. जेवण निम्म्यावर आलं होतं. सुभाषला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एवढ्या वर्षांनी हे उकरायची काय गरज होती?" मग रात्रपाळीला गेला. उकरलं कोणी, असं मी त्याला विचारणार होते, पण तो स्कूटरवर बसलासुद्धा होता.

शेवटी मीच छाणीला गेले. दार उघडलं आणि समोरच्या भिंतीवर फोटो होता. ताजा हार, कपाळाला गंध. फौजेच्या टोपीतलं एक कोवळं तोंड, ओठावर नुकती धरलेली मिशी, आणि डोळ्यांत फोटोवाल्याला घाबरल्यासारखं काहीतरी. समोर बसायची एक खुर्ची होती. मावशी रोज तिथे बसत असाव्यात.

"सव्वीस वर्षांचे," त्या म्हणाल्या. "समरजितपेक्षा दोनच वर्षांनी मोठे. बघ ना, निरू. रुसवा काढायचा म्हणून ट्रंकेतून काढले. पण माफी मागू कशी? मी अशी पिकलेली, आणि समोर हे पोरगं. माझ्या वसतिगृहातल्या पोरींना न्यायला येतात असली पोरं. यांना मी कोण आहे, हेसुद्धा कळायचं नाही."

मी त्यांचा हात धरून बसले. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "भावजी जेवतात का?"

"नीट नाही. मावशी, तुम्ही या ना. रागवा त्यांच्यावर, हवं ते बोला, पण या."

"राग नाही गं. करून बघितला. येतच नाही. एवढा राग या घरात एका माणसावर केलाय मी, की दुसऱ्यासाठी उरलाच नाही. त्यांना सांग तसं. नोकरी त्यांनी दिली, हे घर त्यांनी बघितलं, पोराला शिकवलं. ते मी विसरले नाही."

"मग?"

मावशी फोटोकडे बघत होत्या. "मी तुमच्याकडे आले, भावजींशी बोलले, हसले, कचोऱ्या खाल्ल्या, की झालं ना सगळं. मिटलं. माझं मन घट्ट नाही, निरू, मी दोन रविवारांत हसायला लागेन. आणि हे परत तिकडंच रही जातील. या वेळी माझ्या हातून. ते दोन मिनिटं थांब म्हणाले होते. आता तरी मला थांबू दे."

घरी आले तेव्हा बाबा टीव्हीसमोर बसले होते. आवाज बंद. रविवार होता, चार वाजून गेले होते. त्यांनी विचारलं नाही, पण माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्यासमोर बसले आणि मावशी जे बोलल्या ते सगळं सांगितलं, जसंच्या तसं, रही जातील या शब्दासकट. या वेळी काही सांभाळलं नाही, काही मऊ केलं नाही. एकदा मऊ करून काय झालं ते बघितलं होतं.

बाबांनी ऐकून घेतलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. मग पडद्याकडे वळले. तिथे तो कप्तान कोणाच्यातरी घरात बसला होता. त्या मालिकेत मी त्याला पहिल्यांदाच बसलेला बघत होते.

"ही मिस्त्रीचीच बायको ना?"

"हो."

"तिला कळलं का मग पुढे?"

मी थोडं चेहऱ्यांवरून, थोडं ओठांवरून अंदाज घेऊन बघितलं. ती बाई हसत होती. कप्तानाच्या पुढ्यात तिने काहीतरी खायला ठेवलं होतं आणि तिचं पोर त्याच्या मांडीवर चढत होतं.

"नाही, बाबा. तिला काही कळलेलं नाही."

"म्हणजे हा अजून जातो तिच्याकडे."

"जातो."

बाबांनी मान हलवली. "नशीबवान आहे," ते म्हणाले.